ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची असेल तर तयारी वर्षभर आधी सुरू करा

ग्रामपंचायतीच्या प्रत्येक निवडणुकीत काही उमेदवार मतदानापर्यंत पोचतच नाहीत. कुणाची घरपट्टी थकलेली असते, कुणाचा सूचक (अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार) भलत्याच प्रभागातला निघतो, कुणाच्या जातीच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं आणि मतदार यादीत सासरचं. छाननीच्या टेबलावर अर्ज बाद होतो आणि पुढची पाच वर्षं हातची जातात. यात लोकांचा कौल कुठेच नसतो, म्हणून हे जास्त लागतं.

वेळ किती कमी असतो ते बघा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या साडेसात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. अर्ज भरायचे होते २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, छाननी ५ तारखेला, माघार ७ तारखेच्या दुपारी तीनपर्यंत आणि मतदान १८ तारखेला. म्हणजे चिन्ह हातात आल्यापासून प्रचाराला जेमतेम दहा दिवस. एवढ्यात गाव पालथं घालता येतं, पण थकबाकी, दाखले आणि यादीतले घोळ निस्तरता येत नाहीत. खरी मेहनत कार्यक्रम जाहीर होण्याच्या आधीची असते.

या पदाच्या हातात काय आहे

उभं राहण्याआधी हे तपासून घ्या, नाहीतर प्रचारात भलतीच आश्वासनं दिली जातात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ग्रामसूचीत, पंचायतीचे विषय दिलेले आहेत: पिण्याचं पाणी, गटारं, गावातले रस्ते, दिवाबत्ती, कचरा, स्मशानभूमी, बाजार वगैरे. शिक्षकाची बदली, रोहित्र (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बदलणं, रेशन दुकानाचा परवाना हे पंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. तिथे ठराव करून पाठपुरावा करता येतो, तेवढाच. मतदाराला हा फरक आधीच सांगितलेला बरा.

तरीही जे हातात आहे ते कमी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. हिवरे बाजारच्या नियमांना गावाची संमती होती, हेरवाडच्या मागे ठरावाचं बळ होतं. पैशाचा प्रश्न दोन्हीकडे नंतरचा होता.

पैशाचंही समजून घ्या. केंद्राकडून येणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला २०२१-२२ पासून ६० टक्के भाग बंधित ठेवला गेला, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार देता येत नाहीत. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याण, १५ टक्के मागासवर्गीय आणि ५ टक्के दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावे लागतात. बऱ्याच गावांत हे १०-१५-५ कागदावरच राहतं. प्रचाराचा चांगला मुद्दा हवा असेल तर इथून सुरुवात करा.

वर्षभर आधी: दप्तर वाचा

ग्रामसेवकाकडे (२०२४ पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) तीन गोष्टी मागा. नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. नमुना ९, म्हणजे करमागणीची नोंदवही. आणि चालू वर्षाचं अंदाजपत्रक. नमुना ९ मधून गावाची एकूण मागणी आणि प्रत्यक्ष वसुली यांतली तफावत दिसते. ज्या गावात मागणीच्या निम्मीसुद्धा घरपट्टी वसूल होत नाही, तिथे नळयोजनेचं वीजबिल थकलेलं असणार, हे न विचारताही कळतं. तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याला तीस दिवस लागतात, हे धरून चाला.

केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या गावाचा विकास आराखडा आणि झालेली देयकं दिसतात. ती यादी छापून घ्या आणि गावभर फिरून प्रत्येक काम जागेवर आहे का ते बघा. गटाराची लांबी, पेव्हर ब्लॉकचं क्षेत्र मोजा. चोरी सापडली नाही तरी चालेल. कुठल्या वस्तीवर पाच वर्षांत एकही काम गेलं नाही हे त्या यादीतून उघड होतं, आणि ते माहीत असलेला उमेदवार त्या वस्तीत वेगळ्या ताकदीने बोलतो.

याच काळात ग्रामसभांना जा. वर्षातून किमान चार होतात, बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तुमचा विषय लेखी द्या, पोच घ्या आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का ते पुढच्या वेळी वाचायला मागा. ग्रामसभेत कधी न उठलेला माणूस निवडणुकीत अचानक उभा राहिला की लोक ओळखतात.

सदस्य व्हायचं की सरपंच

लोकसंख्येप्रमाणे सदस्य ७ ते १७ असतात: १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. सरपंच २०१७ मध्ये थेट जनतेतून निवडला जाऊ लागला, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली.

थेट सरपंचाची मोठी अडचण निकालानंतर सुरू होते. मासिक सभेत ठराव बहुमताने होतात. सरपंच तुमचा आणि नऊपैकी सहा सदस्य समोरच्या पॅनेलचे, असं झालं तर प्रत्येक विषय अडतो. म्हणून एकट्याच्या जिवावर सरपंचपद लढवण्यापेक्षा, पहिल्या खेपेला दोन-तीन विश्वासू माणसांसह सदस्य म्हणून जाणं आमच्या मते शहाणपणाचं. सदस्यालाही दप्तर बघता येतं, सभेत विरोध नोंदवता येतो आणि कामाची देयकं विचारता येतात.

पात्रता: इथे घाई करू नका

वय २१ पूर्ण हवं आणि नाव त्या गावाच्या मतदार यादीत हवं. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा जोडा. त्यापुढची यादी नीट वाचा, कारण अपात्रतेचे दावे निवडून आल्यानंतरही जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल होतात आणि हरलेली बाजू ते करतेच.

दोनपेक्षा जास्त अपत्यं: १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे संख्या दोनच्या वर गेली तर अपात्रता येते. आधी एकच मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी झाली तर ती एक धरली जातात. तिसरं मूल दत्तक देऊन सुटका होत नाही, कारण कायदा जन्म मोजतो.

अतिक्रमण: सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर बांधकाम असेल तर सदस्यत्व जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई खटल्यात म्हटलं की अतिक्रमण मूळ सासऱ्याने केलेलं असलं तरी त्यात राहणारी सून अपात्र ठरू शकते. ओटा, पायऱ्या, गोठ्याची भिंत गायरानात किंवा रस्त्यात गेली आहे का, हे मोजून घ्या. ‘सगळ्यांचंच आहे’ हा बचाव टिकत नाही.

थकबाकी: पंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरला नसेल तर अपात्रता येते. घर वडिलांच्या नावावर असलं तरी एकत्र राहात असाल तर सगळ्या कुटुंबाची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून टाका, आणि थकबाकी नसल्याचा दाखला तारखेसह घ्या. कार्यक्रम जाहीर झाल्यावर तो दाखला मागायला रांग लागते. विरोधी पॅनेलच्या प्रभावाखालचा कारकून असेल तर चालढकलही होते.

ठेका: पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नको. पाण्याचा टँकर पुरवलेला असेल, ट्रॅक्टर भाड्याने लावलेला असेल, तर तो व्यवहार आधीच मिटवून कागद ठेवा.

शौचालय: घरात शौचालय आहे आणि ते वापरता, याचा दाखला किंवा घोषणापत्र लागतं. जुनं शौचालय लाकूडफाटा ठेवायला वापरलं जात असेल तर तक्रार होणारच.

राखीव जागा आणि वैधता प्रमाणपत्र

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. प्रभागातलं आरक्षण सोडतीने ठरतं, सरपंचपदाची सोडत तालुका पातळीवर निघते. तुमच्या प्रभागात काय निघेल हे आधी कळत नाही, म्हणून राखीव प्रवर्गातल्या इच्छुकाने जातीच्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र सोडतीच्या कितीतरी आधी काढून ठेवावं. अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे.

अडतं ते जुन्या पुराव्यापाशी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा जातीचा उल्लेख असलेला कागद सगळ्यात वजनदार ठरतो. आजोबा किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा कोतवाल बुकाचा उतारा हे जुन्या शाळेतून आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. कक्षातली वही फाटकी असली तर शोधायला आठवडे लागतात. रक्ताच्या नात्यातल्या कुणाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम बरंच सोपं होतं.

विवाहित महिलांनी इकडे खास लक्ष द्यावं. स्त्रीची जात वडिलांकडून धरली जाते, नवऱ्याकडून नाही. दाखला माहेरच्या नावाने आणि मतदार यादीतलं नाव सासरचं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडल्याशिवाय दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे छाननीत सिद्ध होत नाही.

वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र देऊन उभं राहता येतं. मात्र ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र सादर केलं नाही तर निवड पहिल्या दिवसापासून रद्द होते. मुदत त्या-त्या निवडणुकीच्या आदेशात दिलेली असते. ती घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रभाग आणि मतदार यादी

प्रभागरचनेचा प्रारूप नकाशा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. तो बघायला फार थोडे जण जातात. एखादी वस्ती फोडून दोन प्रभागांत वाटलेली दिसली तर नकाशा, घर क्रमांक आणि नैसर्गिक हद्द (ओढा, रस्ता) दाखवून लेखी हरकत घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर हरकत फेटाळली जाते.

ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. नवीन नाव या टप्प्यावर घालता येत नाही. अठरा पूर्ण झालेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना यांची नावं वर्षभर आधी विधानसभेच्या यादीत नोंदवलेली असावी लागतात. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी: मतदार चुकीच्या प्रभागात गेला, किंवा विधानसभेच्या यादीत नाव असूनही इथे सुटलं. यादी घरोघर घेऊन फिरा आणि प्रत्येक नावापुढे खूण करा: गावात आहे, बाहेरगावी आहे, मयत, दुबार. पुढचा सगळा हिशोब याच यादीवर चालतो.

हिशोब कसा, ते उदाहरणाने बघू. नऊ सदस्यांची पंचायत, तीन प्रभाग, प्रत्येकी तीन जागा. प्रभागात ६०० मतदार आणि ८० टक्के मतदान धरलं तर ४८० मतं. प्रत्येक मतदार तिन्ही जागांसाठी वेगवेगळं मत देतो, म्हणजे प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र. तुमच्या जागेवर तिरंगी सामना असेल तर १९० ते २०० मतांत जागा निघते, दुरंगी असेल तर २४१ लागतात. आता यादीवर पक्की नावं मोजा. ‘बघू’ म्हणणारा कच्चा धरा, आणि ‘तुमचंच आहे, काळजी करू नका’ म्हणणाऱ्यालाही कच्च्यातच ठेवा. पक्की १२० भरत नसतील तर भेटी कमी पडल्या आहेत.

अर्ज

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरून त्याची प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची असते. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर रेंगाळतो. २०२० आणि २०२२ मध्ये आयोगाला त्यामुळे हाताने भरलेले अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली होती. तशी सवलत गृहीत धरू नका, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. चूक निघालीच तर दुसरा अर्ज भरायला वेळ उरतो.

बाद होण्याची नेहमीची कारणं ही: प्रभाग बरोबर पण जागा अ, ब, क यांतली चुकीची लिहिलेली, सूचक त्या प्रभागाचा मतदार नसणं, घोषणापत्रातला रकाना रिकामा सोडणं (मालमत्ता किंवा गुन्हा नसेल तर ‘निरंक’ असं लिहा, कोरा ठेवू नका), सही राहणं, अनामतीची पावती नसणं. पॅनेल असेल तर प्रत्येक जागेवर एक डमी अर्ज (मुख्य अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्याचा) ठेवतात. ती पद्धत चांगली आहे, पण माघारीच्या दिवशी डमी उमेदवाराला स्वतः घेऊन जा. तो राहून गेला तर आपलीच मतं फुटतात.

छाननीला उमेदवाराने स्वतः बसावं. आक्षेप आला तर मूळ कागद तिथल्या तिथे दाखवता आले पाहिजेत.

ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मुक्त चिन्हांतून पसंती द्यावी लागते आणि माघारीची वेळ संपल्यावर वाटप होतं. छपाई त्याआधी करून ठेवू नका.

प्रचार आणि पैसा

निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खातं उघडा आणि खर्च त्यातूनच करा. आयोगाने २०१७ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी होती: ७ आणि ९ सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला २५,००० आणि थेट सरपंचाला ५०,००० रुपये, ११ आणि १३ मध्ये ३५,००० आणि १ लाख, १५ आणि १७ मध्ये ५०,००० आणि १ लाख ७५ हजार. तुमच्या निवडणुकीच्या आदेशातला आकडा बघूनच खर्च आखा.

दहा दिवसांत ६०० मतदारांचा प्रभाग, म्हणजे साधारण दीडशे घरं. रोज तीस घरं घेतली तर पाच दिवसांत एक फेरी होते, दोन फेऱ्या सहज बसतात. पहिल्या फेरीत ऐका आणि वहीत लिहा. दुसऱ्या फेरीत त्या घराने सांगितलेल्या गोष्टीचं उत्तर घेऊन जा: हे पंचायतीच्या हातात आहे, हे नाही, यासाठी इतका निधी लागेल. पत्रकावर तीनच कामं लिहा, प्रत्येकापुढे पैसा कुठून येणार तेही. वीस आश्वासनांचं पत्रक कुणी वाचत नाही.

जेवणावळी, पाकिटं, बाहेरगावच्या मतदाराचं भाडं यांत पडू नका. कायद्याने ती लाच आहे, आणि मतासाठी पैसे घेतलेला माणूस निकालानंतर तुम्हाला गटाराबद्दल विचारायचा हक्क सोडून देतो. हे नुकसान दंडापेक्षा मोठं आहे.

बिनविरोधचा आग्रह गावात होतोच. खुल्या चर्चेने, सगळ्या वस्त्यांच्या संमतीने होत असेल तर चांगलंच. मंदिराला देणगीच्या नावाखाली पदाची बोली लागली तर तिथून उठा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये पदांचा लिलाव झाल्यामुळे रद्द केल्या होत्या.

महिला उमेदवार असेल तर पत्रकावर तिचाच फोटो मोठा, आणि घरोघर बोलणारी तीच हवी. नवऱ्याने प्रचार करून निवडून आणलेल्या सरपंचाच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची पहिल्याच दिवशी येते आणि मग ती हटवणं कठीण जातं.

मतदानाचा दिवस

मतदान प्रतिनिधी मतदान सुरू होण्याच्या तासभर आधी केंद्रावर हवा, म्हणजे अभिरूप मतदान (यंत्र तपासण्यासाठीचं चाचणी मतदान) त्याच्यासमोर होतं. अभिरूप मतं पुसून यंत्र शून्यावर आल्याची खात्री त्याने स्वतः करावी आणि मोहोरेचे (सीलचे) क्रमांक लिहून घ्यावेत. त्याच्याकडे खुणा केलेली यादी असावी. मयत किंवा दुबार नावावर कुणी मत द्यायला आलं तर ओळखीवर आक्षेप तिथेच नोंदवावा लागतो, नंतर उपयोग नाही. दुपारी एक वाजता पक्क्या नावांपैकी कोण आलं नाही ते बघून निरोप पाठवा. संध्याकाळी एकूण नोंदलेल्या मतांचा आकडा केंद्राध्यक्षांकडून घ्या आणि मोजणीच्या वेळी तोच आकडा यंत्रावर दिसतो का ते पडताळा.

निकालानंतर

जिंकलात किंवा हरलात, तरी निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशोब पावत्यांसह सादर करावाच लागतो. तो न दिल्यास पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. हरलेले उमेदवार हिशोब द्यायचं हमखास विसरतात आणि पुढच्या वेळी अर्ज भरताना अडकतात. निवडणुकीविरुद्ध दाद मागायची तर निकालापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर मुद्दा कितीही खरा असला तरी ऐकला जात नाही.

निवडून आलात तर पहिल्या मासिक सभेत तीन मागण्या लेखी द्या: बँक खात्यांच्या शिल्लक रकमा, अपूर्ण कामांची यादी आणि नळयोजनेच्या वीजबिलाची थकबाकी. हे आकडे इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे कधी ‘तुमच्या काळात पैसे कुठे गेले’ असा प्रश्न आला तर सुरुवात किती रुपयांवर झाली होती हे त्या पानावर लिहिलेलं असेल.